बोर्न, सॅम्युएल

बोर्न, सॅम्युएल : (३० ऑक्टोबर १८३४ – २४ एप्रिल १९१२). भारतातील, विशेषतः हिमालयातील, निसर्गदृश्यांच्या छायाचित्रणाबद्दल ख्यातनाम असलेला ब्रिटिश छायाचित्रकार. १८६३ ते १८७० या काळातील त्याच्या भारतातील वास्तव्यात त्याने दोन हजारांहून अधिक काचपटांवर येथील पर्वत, नद्या, सरोवरे, नगरे व वास्तू यांची चित्रे टिपली. प्रवासी छायाचित्रणास शिस्तबद्ध कलेची पातळी प्राप्त करून देणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील मोजक्या छायाचित्रकारांत त्याची गणना होते. त्याच्या कलेचे सौंदर्य निर्विवाद आहे. तथापि ते सौंदर्य कोणत्या दृष्टीने शोधले गेले आणि कोणाच्या श्रमांवर उभे राहिले, या प्रश्नांमुळे त्याच्या कार्याचे मूल्यमापन सोपे राहिलेले नाही.

जीवन : इंग्लंडमधील श्रॉपशर व स्टॅफर्डशर या परगण्यांच्या सीमेवरील मकलस्टन या खेड्याजवळ एका शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. तरुणपणी त्याने नॉटिंगहॅम येथील एका बँकेत नोकरी धरली व फावल्या वेळात छायाचित्रणाचा छंद जोपासला. इंग्लंडमधील सरोवरांचा प्रदेश व स्कॉटलंड-वेल्सचे डोंगर ही त्या काळातील हौशी छायाचित्रकारांची आवडती क्षेत्रे होती. निसर्गचित्राविषयीची बोर्नची अभिरुचीही याच वातावरणात घडली. १८६२ साली लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्याची छायाचित्रे मांडली गेली. त्यानंतर लवकरच त्याने बँकेची नोकरी सोडली आणि १८६३ च्या आरंभी तो कलकत्त्यास आला. तेथून तो सिमल्यास गेला व विल्यम हॉवर्ड याच्या भागीदारीत त्याने व्यवसाय सुरू केला. पुढे चार्ल्स शेफर्ड हा त्यांना येऊन मिळाला. काही काळाने हॉवर्ड बाहेर पडला आणि ‘बोर्न अँड शेफर्ड’ हे भारतातील छायाचित्रणाच्या इतिहासात दीर्घकाळ गाजलेले नाव रूढ झाले. बोर्नने फिरून चित्रे टिपावयाची आणि शेफर्डने प्रती काढण्याचे व व्यक्तिचित्रांचे काम पाहावयाचे, अशी ही विभागणी होती. १८६७ साली बोर्न इंग्लंडला जाऊन विवाह करून परतला व १८७० च्या अखेरीस त्याने भारत कायमचा सोडला. नॉटिंगहॅम येथे सुताच्या धंद्यात त्याने उत्तम जम बसविला. उतारवयात तो जलरंगात निसर्गचित्रे काढीत असे. नॉटिंगहॅम येथे त्याचे निधन झाले.

पार्श्वभूमी : बोर्न भारतात आला, तेव्हा छायाचित्रणाचे तंत्र येथे नवे नव्हते. मुंबईत १८५४ साली छायाचित्रण संस्था स्थापन झाली होती. तिच्या कामात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा सहभाग होता. पुढील वर्षी एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेत या विषयाचे वर्गही सुरू झाले. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून मुंबईतून छायाचित्रांचा एक नियतकालिक संग्रह प्रसिद्ध केला. रॉबर्ट गिल याने अजिंठ्याची भित्तिचित्रे रंगवून काढण्याच्या जोडीने पश्चिम भारतातील वास्तू व निसर्ग यांची छायाचित्रेही घेतली होती. मात्र या प्रयत्नांचा मुख्य रोख वास्तू, पुरावशेष आणि जातीजमातींची नोंद यांकडे होता. केवळ रमणीयतेसाठी निसर्ग टिपावा, त्यासाठी महिनोन्‌महिने प्रवास करावा आणि त्या चित्रांची क्रमांकवार सूची छापून ती विक्रीस ठेवावी, हा उपक्रम इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथम बोर्ननेच केला. त्याच सुमारास कार्लटन वॉटकिन्स हा अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्यात (१८६१) अवाढव्य काचपटांवर निसर्गदृश्ये घेत होता. पर्वतीय निसर्गाच्या छायाचित्रणाचे हे दोन प्रवाह जवळजवळ समकालीन होत. [→ छायाचित्रण].

तंत्र : बोर्न ज्या आर्द्र कलोडियन प्रक्रियेने काम करीत असे, ती समजून घेतल्यावाचून त्याच्या चित्रांचे स्वरूप उलगडत नाही. या प्रक्रियेत स्वच्छ काचेवर कलोडियनचा चिकट द्राव सारख्या जाडीने पसरावा लागे. नंतर ती काच अंधाऱ्या तंबूत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवून प्रकाशसंवेदी करीत आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालीत. चित्र घेतल्यावर काच सुकण्यापूर्वीच, म्हणजे साधारणतः दहा-पंधरा मिनिटांच्या आत, तिच्यावरील प्रतिमा विकसित करणे अवश्य असे. साहजिकच छायाचित्रकाराबरोबर त्याची संपूर्ण प्रयोगशाळाच प्रवास करी : तंबू, कॅमेरे, तिपाई, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि धुण्यासाठी लागणारे पाणी. प्रतिमा मोठी करण्याची सोय व्यवहारात नसल्याने छापील चित्र काचेच्याच आकाराचे निघे. म्हणून बोर्न सु. ३० × २५ सेंमी. आकाराच्या जड काचा वापरी. मैदानातील उष्म्याने कलोडियनमधील ईथर भराभर उडून जाई, तर उंचावरील थंडीत रासायनिक क्रिया मंदावत.

या मर्यादांमधूनच त्या चित्रांचे काही गुण निर्माण झाले आहेत. कलोडियन मुख्यत्वे निळ्या प्रकाशास संवेदनशील असल्यामुळे आकाश अतिप्रकाशित होऊन बहुधा कोरे राही, तर हिरवी झाडी काळपट उमटे. आकाशाच्या पांढऱ्या पटावर डोंगराची कड त्यामुळे कोरून काढल्यासारखी दिसते. काचपटावर प्रकाश पडू देण्याचा काळ काही सेकंदांचा किंवा त्याहूनही जास्त असे. त्यात वाहते पाणी दुधाळ धुक्यासारखे होई आणि हलणारी माणसे पुसट होत किंवा नाहीशी होत. बोर्नच्या दृश्यांत जाणवणारी निःशब्द स्थिरता ही काही अंशी तंत्राची देणगी आहे. परंतु नेमकी जागा निवडणे, प्रकाश योग्य कोनातून येईपर्यंत थांबणे आणि अग्रभूमीतील शिळेपासून क्षितिजावरील शिखरापर्यंत नजर पायरीपायरीने नेणे, हे त्याचे स्वतःचे कौशल्य होय. प्रत्येक काच वाहून आणावी लागत असल्यामुळे तो निष्काळजीपणे एकही चित्र घेऊ शकत नव्हता. त्याच्या चित्रांत आढळणारी काटकसर आणि नेमकेपणा यांचे मूळ येथे आहे.

हिमालयातील प्रवास : बोर्नने हिमालयात तीन मोठे प्रवास केले. पहिला १८६३ च्या उन्हाळ्याअखेर सिमल्याहून सतलजच्या खोऱ्याने चिनी (किन्नौर) व स्पितीच्या सीमेपर्यंत झाला. सु. दहा आठवड्यांच्या या प्रवासात त्याला सुमारे दीडशे चांगले काचपट मिळाले. दुसरा प्रवास १८६४ मध्ये कांग्रा, डलहौसी, चंबा या मार्गाने काश्मीरमध्ये झाला. तो सु. नऊ महिने चालला आणि त्यातून पाचशेहून अधिक काचपट हाती आले. तिसरा व सर्वांत खडतर प्रवास १८६६ च्या जुलैमध्ये सुरू झाला. डॉ. प्लेफेअर हा या प्रवासात काही काळ त्याचा सोबती होता. कुलू, लाहूल, स्पिती असा मार्ग आक्रमून किन्नौर-स्पिती सीमेवरील मणिरंग खिंडीच्या माथ्यावर बोर्नने चित्रे घेतली. त्याच्या नोंदीनुसार या खिंडीची उंची १८,६०० फूट (सु. ५,६७० मी.) होती. इतक्या उंचीवर त्यापूर्वी कोणी छायाचित्र घेतल्याची नोंद नाही. त्यानंतर तो गंगोत्रीच्या हिमनदीपर्यंत गेला व गोमुखाचे चित्र घेऊन नाताळच्या सुमारास परतला. या प्रवासांचे सविस्तर वृत्तांत त्याने ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’ या नियतकालिकात लेखमालांच्या रूपाने प्रसिद्ध केले. छायाचित्रकाराने स्वतःच्या कामाविषयी इतक्या मोकळेपणाने लिहिलेले साहित्य त्या काळात विरळाच आढळते. त्याच्या चित्रांचा अर्थ लावताना या वृत्तांतांचा आधार घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

चित्रोपम दृष्टी आणि तिची मर्यादा : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये विल्यम गिल्पिन आदी लेखकांनी चित्रोपमतेची कल्पना मांडली. निसर्गातील जे दृश्य चित्रासारखे दिसते ते रमणीय, अशी ही धारणा होती. बाजूस चौकटीसारखे झाड, मध्ये पाणी, त्यावर पूल किंवा पडीक वास्तू आणि मागे धूसर डोंगर, हा तिचा ठरीव रचनाबंध. विल्यम हॉजेस तसेच टॉमस व विल्यम डॅन्येल या चित्रकारांनी तो भारतात आणला. बोर्नने तो कॅमेऱ्याच्या भिंगामागे नेला. हिमालयाकडे पाहताना त्याच्या मनात इंग्लंड-स्कॉटलंडमधील सरोवरे होती. हिमालयाच्या अफाट रांगा पाहून तो दिपून गेला. परंतु तेथे पाणी, वृक्ष आणि डोंगर एका चौकटीत मावतील असे एकत्र येत नाहीत, अशी तक्रारही त्याने वारंवार केली आहे. ज्याला जगातील सर्वोच्च पर्वत चित्रासाठी गैरसोयीचा वाटतो, त्याच्या सौंदर्यकल्पनेची वेस कोठे होती, हे यावरून कळते.

काश्मीरमध्ये त्याला हवे ते सापडले. दल सरोवराचे स्तब्ध पाणी, त्यातील प्रतिबिंबे, झेलमचे काठ व लाकडी पूल यांची त्याची चित्रे अत्यंत सुबक आहेत. श्रीनगर येथील पॉप्लर वृक्षांच्या दुतर्फा रांगांचे चित्र (१८६४) हे यथादर्शनाच्या प्रभुत्वाचे उत्तम उदाहरण म्हणून उल्लेखिले जाते. उंच, सरळसोट खोड दोन्ही बाजूंनी दूर एका बिंदूकडे झेपावतात आणि मधला रस्ता प्रकाशाच्या पट्ट्यासारखा उजळतो. या चित्रात वृक्षांची सजीवता व भूमितीचा काटेकोरपणा यांचा मेळ बसला आहे. तथापि काश्मीरची पुष्कळशी चित्रे पाहून झाल्यावर एक प्रकारचा साचा डोळ्यांत भरू लागतो. स्थळ बदलते, रचना तीच राहते. खपाच्या सूचीसाठी काम करणाऱ्या कलावंताचा हा धोका बोर्नला सर्वस्वी टाळता आला नाही.

याउलट, जेथे साचा निरुपयोगी ठरला तेथे बोर्न सर्वांत मोठा वाटतो. मणिरंगच्या माथ्यावरून घेतलेल्या चित्रांत झाड नाही, पाणी नाही, पूल नाही. उघडे खडक, बर्फाचे उतार आणि ओळीमागून ओळ पसरलेली शिखरे एवढेच आहे. नजरेला विसावा देणारे काहीही तेथे नाही. प्रमाणाचे भानही सुटते. ज्या उजाडपणाविषयी तो लेखांतून कुरकुरत होता, त्याच उजाडपणाने त्याला स्वतःच्या अभिरुचीपलीकडे नेले. गोमुखाचे चित्रही या जातीचे आहे. तीर्थाच्या पावित्र्याची कोणतीही भावुक खूण न घालता बर्फाची भिंत, तिच्या पायथ्याची गुहा आणि तेथून निघणारा प्रवाह त्याने जसाच्या तसा मांडला आहे. बोर्नची रमणीय चित्रे त्याच्या शिक्षणाची साक्ष देतात. ही थोडी रुक्ष चित्रे त्याच्या प्रतिभेची साक्ष देतात.

माणसे व श्रम : बोर्नच्या निसर्गदृश्यांत माणसे आहेत, पण ती बहुधा डोंगराचा किंवा वास्तूचा आकार कळावा म्हणून, मोजपट्टीसारखी उभी आहेत. स्थानिक लोकांना चित्रात सहज उभे राहता येत नाही, कॅमेऱ्यासमोर येताच ती ताठ होतात, अशी खिल्ली त्याने आपल्या लेखांत उडविली आहे. ज्यांना या परक्या यंत्राचा हेतू कोणी सांगितला नव्हता, ज्यांना हलू नका असे फर्मावले गेले होते, त्यांनी ताठ उभे राहण्यात नवल नव्हते, हे मात्र त्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

याहून गंभीर बाब हमालांची आहे. काचा, रसायने आणि तंबू पाठीवर घेऊन खिंडी ओलांडणाऱ्या पहाडी माणसांचा ताफा प्रत्येक प्रवासात त्याच्याबरोबर असे. त्यांपैकी अनेकजण स्वेच्छेने आलेले नव्हते. डोंगरी संस्थानांतील वेठीच्या पद्धतीनुसार गावोगावच्या अधिकाऱ्यांकडून ते पुरविले जात. सुगीच्या दिवसांतही त्यांना शेत सोडून ओझे उचलावे लागे. थंडीने व उपासमारीच्या भीतीने ते वाटेत ओझी टाकून पळून जात, लपून बसत. अशा वेळी आपण हाती काठी घेऊन त्यांचा शोध घेतला आणि तिचा प्रसाद दिला, हे बोर्नने कोणताही संकोच न बाळगता लिहून ठेवले आहे. ज्या आठवड्यात हे घडे, त्याच आठवड्यात तो पहाटेच्या प्रकाशातील शिखरांनी मन कसे उन्नत होते, याचे वर्णन करी. या दोन वाक्यांमधील अंतर त्याला जाणवले नाही. आजच्या वाचकास ते जाणवल्याशिवाय राहत नाही, आणि ते जाणवल्यावर मणिरंगच्या चित्रातील मानवविरहित शांतता पूर्वीइतकी निर्दोष उरत नाही. चौकटीच्या बाहेर, कॅमेऱ्याच्या मागे, थंडीत कुडकुडत उभी असलेली माणसे हीही त्या चित्राचाच भाग आहेत.

साम्राज्य आणि सौंदर्य : कॅमेऱ्याच्या तिपाईने व तिच्या पितळी तोंडाने येथील लोकांस जेत्यांकडे तोफांखेरीज आणखीही यंत्रे आहेत हे दाखवून दिले, अशा आशयाचे विधान बोर्नने १८६३ मध्येच केले होते. १८५७ च्या उठावास तेव्हा अवघी सहा वर्षे लोटली होती. लखनौची उद्‌ध्वस्त रेसिडेन्सी व कानपूर येथील विहिरीवरील स्मारक यांची त्याची चित्रे इंग्रज कुटुंबांच्या संग्रहवह्यांत ताजमहाल, काशीचे घाट आणि सिमल्याची देवदार वने यांच्या शेजारी चिकटविली जात. या वह्यांमधून भारत हा शांत, रम्य आणि निर्वेधपणे फिरण्याजोगा देश म्हणून प्रकट होतो. दुष्काळ, शेतसारा, गिरण्या, आगगाडीच्या रुळांवर राबणारे मजूर यांना त्यात फारसे स्थान नाही.

यावरून बोर्नची चित्रे म्हणजे केवळ साम्राज्याचा प्रचार, असा निष्कर्ष काही अभ्यासकांनी काढला आहे. तो पूर्णतः स्वीकारता येत नाही. प्रचारासाठी सिमल्याभोवतालची सोपी दृश्ये पुरेशी होती. त्यासाठी मणिरंग चढण्याची गरज नव्हती. खडकाचा पोत, बर्फावरील उन्हाची छटा व दरीतील हवेचा दाटपणा यांच्याकडे त्याने दिलेले लक्ष हे कोणत्याही राजकीय हेतूने समजावून सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूस, कलेला काळाशी कर्तव्य नाही असे म्हणून त्याला मोकळे सोडणेही योग्य नव्हे. कोठे जावयाचे, कोणाला वेठीस धरावयाचे आणि कोणाला चौकटीत घ्यावयाचे, हे ठरविण्याची मुभा त्याला सत्तेनेच दिली होती. त्याच्या चित्रांचा गुण व त्यांचा दोष एकाच उगमातून आलेले आहेत. म्हणून ती दोन्ही एकत्रच पाहावी लागतात.

प्रभाव व वारसा : बोर्न गेल्यानंतर कॉलिन मरी याने त्याचे काम पुढे चालविले. बोर्नच्या काचपटांवरून पुढे अनेक दशके प्रती काढल्या व विकल्या जात होत्या. त्यामुळे त्याची दृष्टी हीच भारताच्या निसर्गदृश्याची प्रमाण दृष्टी बनली. लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या मध्य भारतातील वास्तुचित्रांत स्वच्छ रेषा, विचारपूर्वक निवडलेला कोन आणि समतोल छायाप्रकाश हे तशाच वळणाचे गुण दिसतात. मात्र दीनदयाळांच्या चित्रांतील माणसे अधिक आत्मविश्वासाने उभी आहेत. विसाव्या शतकातील पर्यटन खात्यांची भित्तिपत्रके, दिनदर्शिका आणि चित्रपत्रे यांनी दल सरोवर, देवदार व हिमशिखर यांचे जे ठरीव रूप रूढ केले, त्याची रेखाकृती बोर्नच्या सूचीत अगोदरच आढळते. आज दल सरोवरावर कॅमेरा रोखणारा हौशी प्रवासी बोर्नचे नाव जाणत नाही. पण तो उभा मात्र बहुधा बोर्नच्याच जागेवर असतो.

कलकत्त्यातील बोर्न अँड शेफर्डच्या इमारतीस १९९१ मध्ये लागलेल्या आगीत तेथील जुना संग्रह मोठ्या प्रमाणात नष्ट झाला आणि २०१६ साली ही संस्था बंद पडली. सुदैवाने त्याच्या चित्रांच्या मूळ प्रती लंडन येथील व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्यूझीयम व ब्रिटिश लायब्ररी, तसेच नवी दिल्ली येथील अल्काझी संग्रह इ. ठिकाणी जतन झाल्या आहेत. या चित्रांना आता एक अनपेक्षित मोल आले आहे. गंगोत्री हिमनदी गेल्या शतकाहून अधिक काळ मागे हटत आहे. १८६६ साली बोर्नसमोर उभी असलेली बर्फाची भिंत आज त्या जागी नाही. रमणीयतेच्या शोधात घेतलेले चित्र अशा रीतीने निसर्गाच्या झिजेची साक्ष बनले आहे. छायाचित्रकाराने जे दाखवावयाचे ठरविले त्यापेक्षा काचेने अधिक टिपले, हे यातून सिद्ध होते.

समारोप : निसर्गाच्या सौंदर्याने प्रेरित झालेल्या छायाचित्रणाची शक्ती व त्याच्यापुढील नैतिक पेच ही दोन्ही बोर्नच्या कार्यात आरंभीच स्पष्ट झाली. दूरचे, दुर्गम सौंदर्य घरी बसलेल्यास दाखविणे ही त्या कलेची शक्ती आहे. आणि ते दाखविताना तेथे राहणाऱ्या व राबणाऱ्या माणसांना दृश्यातून वगळणे हा तिचा पेच आहे. आर्द्र काचपट गेले, ओझीही हलकी झाली. परंतु हा पेच सुटलेला नाही. बोर्नच्या उत्कृष्ट चित्रांपुढे आजही प्रेक्षक स्तब्ध होतो, ही त्याच्या कलेची कसोटी होय. त्या स्तब्धतेत पाठीवर काचा वाहणाऱ्या अनामिकांचेही स्मरण राहावे, ही आपली.